प्रेमशास्त्राची पुस्तकं कशी वाचावीत: नवशिक्यांसाठी

आधी प्रेमात नेमकं कोण पडलंय ते शोधा. मुखपृष्ठावर बिलगलेलं जोडपं असतं, आत बहुधा फळमाशी निघते. म्हणजे केळी काळी पडली की ओट्यावर घोंघावणारं चिलट.

सुरुवात दारूच्या प्रकरणापासून करावी. गॅलित शोहात-ओफिर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘सायन्स’मध्ये छापलेला प्रयोग असा: चार दिवस, दिवसातून तीनदा, तासतासभर नरांना नकार पचवायला लावला. मग साधं अन्न आणि दारू मिसळलेलं अन्न समोर ठेवलं. झिडकारलेले नर दारूकडे जास्त वळले. त्यांच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड-एफ हे रसायन घटलेलं होतं; त्याची यंत्रणा कृत्रिमरीत्या चालू केली, तर पिणं कमी झालं. इथे देवदास आठवेल. आठवू द्या, पण पुस्तक मिटू नका. माद्या मुद्दाम नुकत्याच समागम झालेल्या निवडल्या होत्या, आणि अशी मादी काही दिवस सहसा कुणाला जवळ करत नाही. तिला तसं वागायला लावणारं रसायन आधीच्या नराच्या वीर्यातूनच आलेलं असतं. हा तिसरा कोन ‘देवदास’ लिहिणाऱ्या शरच्चंद्रांना सुचला नव्हता.

प्रार्थनाकीटकाची मादी नराला खाते, हे वाचून लगेच कुणा नवरदेवाला सावध करायला धावू नका. बाई जेवल्या होत्या का, ते आधी पाहा. लिस्के आणि डेव्हिस यांनी १९८७ मध्ये पोटभर खाऊ घातलेल्या जोड्यांचं चित्रीकरण केलं. तीसपैकी एकही नर खाल्ला गेला नाही.

मेंदूच्या प्रकरणाला पेन्सिल घेऊन बसा. हेलन फिशर, आर्थर एरन आणि मंडळींच्या २००५ च्या अभ्यासात प्रेमात आकंठ बुडालेले लोक होते १७. आवडत्या व्यक्तीचा फोटो दिसला की त्यांच्या मेंदूतला डोपामाइनवाला भाग जागा होई. १७ ला गोल करा. मेंदूच्या स्कॅनच्या चित्रातले लाल-पिवळे ठिपके म्हणजे मेंदूत लागलेले दिवे नव्हेत. रक्तातल्या प्राणवायूचे बारीक फरक आकडेमोड करून रंगवलेले असतात. आकडेमोड ढिली राहिली तर काय होतं, ते क्रेग बेनेट यांनी २००९ मध्ये दाखवलं. त्यांनी एका सालमन माशाला स्कॅनच्या यंत्रात ठेवलं, माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते ओळखायला सांगितलं. माशाच्या मेंदूतही ठिपके उमटले. गणित कडक केल्यावर ते गेले. मासा बाजारातून आणलेला होता, अर्थातच मेलेला.