शेंडा उशिरा वळतो

जोतिबाच्या पायऱ्यांवर गुलाल-खोबऱ्याच्या दुकानात बसलेल्या एका पोरानं परवा विचारलं, "काका, ॲनिमेशनचा क्लास लावू काय? फी ऐकून आमचं वडील दोन दिवस बोललंच न्हाईत."

मी म्हटलं, आधी काय काढलंयस ते दाखव. त्यानं मोबाइल पुढं केला. जपानी कार्टूनमधल्या मोठ्या डोळ्यांच्या मुली, एकीमागून एक. हात चांगला होता, रेष कुठं डगमगत नव्हती.

"सासनकाठी काढलीस कधी?"

"ती काय काढायची? दरवर्षीचीच हाय की."

इथंच घोडं पेंड खातं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर निशाण लावलेली ही उंच बांबूची काठी नाचते तेव्हा नीट बघा. खाली पेलणारा गडी हलगीच्या ठेक्यावर गुडघ्यात वाकतो, बाजूचे दोर ताणले जातात. बुंधा उजवीकडं निघाला तरी शेंडा अजून डावीकडंच असतो. क्षणभरानं तो वळतो, बुंध्याच्याही पुढं जातो, थरथरतो आणि मग सावरतो. निशाणाचं कापड त्याच्याही मागून येतं. गुलालाची मूठ उधळली की ढेकळं आधी खाली येतात, धूळ मागं तरंगत राहते.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ साली पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. त्यांतलं एक नेमकं हेच आहे. अंग थांबलं तरी त्याला जोडलेलं जे सैल असतं, ते मागून येत राहतं. या पोराच्या दुकानासमोर हा धडा दर चैत्रात होतो आणि हा त्याच्याकडं पाठ फिरवून मोबाइलमध्ये डोकावत बसतो. दोष त्याचा नाही. बघायला शिकवलंच कुणी?

शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग उरकायची सोय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा फॉर्म भरायचा, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर. मग बारावीनंतर तेच आईबाप कर्ज काढून क्लासच्या दारात उभे राहतात. तिथं पोरगं वर्षभरात सॉफ्टवेअरची बटणं शिकतं आणि हाताला एक प्रमाणपत्र लागतं. स्टुडिओवाला ते प्रमाणपत्र उघडूनसुद्धा बघत नाही. तो शोरील, म्हणजे स्वतः केलेल्या कामाची चित्रफीत, मागतो. एका मिनिटात त्याला कळतं, या पोराच्या चित्रातल्या माणसाला वजन आहे की तो नुसता तरंगतोय.

कोल्हापूरला कलापूर म्हणून आपण छाती फुगवतो ना? मग आनंदराव आणि बाबूराव पेंटर आठवा. नाटकांचे पडदे रंगवणारी ही माणसं. सिनेमा काढायचा म्हणून कॅमेरा स्वतःच घडवायला बसली. १९१६ साली आनंदराव गेले, पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. १९१८ पर्यंत कॅमेरा उभा राहिला, १९२० साली त्यावर चित्रित झालेला 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलालांनी शांताराम वगैरे साथीदारांबरोबर १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' काढली. पेंटर काय, दामले-फत्तेलाल काय, यांनी आधी ब्रश धरला होता, यंत्र नंतर आलं. त्याही आधी, १९१५ साली, दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक करून सरकवत त्यांना पडद्यावर नाचवलं होतं. भांडवल काय? काडेपेटी आणि दम.

आज यंत्राचा प्रश्न तर उरलेलाच नाही. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसचा 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घडला आणि २०२५ साली त्यानं ऑस्कर नेलं. त्यात एकही संवाद नाही. एक मांजर आहे, आणि त्याची चाल इतकी खरी की शेवटपर्यंत जीव त्याच्यात अडकून राहतो. ती चाल सॉफ्टवेअरमध्ये भरून आलेली नव्हती. कुणीतरी खऱ्या मांजरांकडं बघत बघत ती डोळ्यांत साठवली होती.

पालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीतच टेक्निकलर ही ॲनिमेशन-व्हीएफएक्समधली जगभर पसरलेली कंपनी कोसळली, तिच्या बेंगळुरूच्या स्टुडिओलाही टाळं लागलं. आता तर फ्रेममागून फ्रेम कडा कापत बसायचं काम संगणकच उरकायला लागलाय. म्हणूनच सांगतो, ज्याला फक्त बटणं येतात त्याच्या पोटावर पाय येणार. ज्याला बघता येतं, त्याला नवं यंत्र म्हणजे नवा ब्रश.

राज्य सरकारनं २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. चांगलं केलं. पण त्यातला पहिला रुपया आमच्या पन्हाळा तालुक्यातल्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकावर खर्च व्हायला हवा. मुंबईत काचेच्या इमारती उभ्या राहतील, त्यांत बसणारा हात मात्र इथल्या पाचवी-सहावीच्या वर्गातच तयार होतो. तिथं तास बुडाला तर ती इमारत परक्यांनी भरायची.

पोराला एवढंच सांगितलं. दोनशे पानी वही घे, तिचे कागद शंभर. सेकंदाला बारा चित्रं धरली तर आठ सेकंद होतात. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक सासनकाठी काढ. बुंधा आधी हलू दे, शेंडा मागून येऊ दे. वही भरली, अंगठ्यानं पानं सोडली आणि काठी नाचली, तर फीचं मी स्वतः तुझ्या वडिलांशी बोलतो.

त्यानं गल्ल्याखालून उधारीची वही काढली, उलटी केली आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक उभी रेघ ओढली. मग थांबला. मान वर करून देवळासमोर उभ्या असलेल्या काठीच्या शेंड्याकडं बराच वेळ बघत राहिला.