आमच्याकडे वाघ्या आला

रेडिंग, इंग्लंड
२८ डिसेंबर २०२५

ती. आई व ती. अण्णांस,


परवा फोनवर आईने विचारलं, "तुमच्याकडं भुंकायलंय कोण?" तुमच्या सूनबाईंनी "टीव्ही हाय" म्हणून वेळ मारून नेली. आई, टीव्ही बंद होता. आम्ही कुत्रा घेतलाय. विकत नव्हे, दत्तक. हे वाचून अण्णांनी चष्मा काढून पुसला असेल, म्हणून आधीच सांगतो की विष्णुपुरीच्या जमिनीत त्याचा हिस्सा नाही आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव लागणार नाही. त्याला फक्त सोफा पाहिजे, आणि तो त्याने घेतला.

आता "कुत्रा घरात?" हा आईचा प्रश्न. आई, तो घरात आला तो ४ डिसेंबरला. त्या दिवशी दत्तजयंती होती, आणि वार गुरुवार. माहूरच्या शिखरावर जाऊन तू ज्या दत्तापुढे डोकं टेकवतेस, त्याच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, आणि त्यांना कोणी हाड् म्हणत नाही. हा मुद्दा माझा नाही, तुझ्या सुनेचा आहे. तिने तो आधीच तयार करून ठेवला होता. लातूरच्या माणसाशी वादात पडू नये हे तुला लग्नाच्या याद्या करतानाच कळलंय.

पोरांना खरं तर नाताळच्या सकाळी झाडाखाली लाल फीत बांधलेलं पिल्लू हवं होतं. इथे पूर्वी ती रीतच होती. चोवीस तारखेला पिल्लू आणायचं, पंचवीसला फोटो काढायचे, आणि जानेवारीत त्याने गालिचा खराब केला की कुत्र्यांच्या आश्रमाला फोन करायचा. या प्रकाराला कंटाळून १९७८ साली क्लॅरिसा बाल्डविन नावाच्या बाईंनी एक घोषवाक्य काढलं. कुत्रा जन्मभराचा असतो, नुसता नाताळपुरता नव्हे, असा त्याचा अर्थ. इथल्या माणसाला एक वेळ राष्ट्रगीताचं दुसरं कडवं येणार नाही, पण हे वाक्य येतं. तरी जानेवारीतले फोन बंद झाले नाहीत ते नाहीतच. म्हणून आम्ही ज्या आश्रमात गेलो त्यांनी सणाच्या आठवड्यात कुत्रा द्यायचंच बंद केलंय. न्यायचा तर आधी न्या, नाहीतर सगळे पाहुणे गेल्यावर या. मला हा नियम फार आवडला. आपल्याकडे पितृपक्षात खरेदी करत नाहीत, तसा यांनी कुत्र्यांसाठी नाताळ वर्ज्य केला.

अर्ज बघून मात्र घाम फुटला. अण्णा, पीककर्जाला तुम्हाला सातबारा, आठ-अ, फेरफार आणि सोसायटीची बेबाकी लागली होती ना? ते फार सोपं होतं. इथे विचारलं होतं की कुत्रा दिवसात किती तास एकटा राहील, मागच्या अंगणाचं कुंपण किती उंच आहे, घर भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र कुठे आहे, तुम्ही भारतात गेलात तर कुत्रा कुठे राहील, आणि घरात कोणाला केसांची ॲलर्जी आहे का. वर घर बघायला माणूस येणार आणि सगळ्या कुटुंबाची तोंडी परीक्षा होणार, अगदी धाकटीचीसुद्धा.

परीक्षा म्हटलं की तुमच्या सुनेच्या अंगात येतं. 'लातूर पॅटर्न' शिक्षणापुरता आहे असं मी समजत होतो. तिने चक्क अपेक्षित प्रश्नसंच काढला. रोज जेवण झालं की सराव परीक्षा. "कुत्र्याने सोफा फाडला तर काय कराल?" उत्तर: शांत राहून त्याचं लक्ष दुसरीकडे वळवू. थोरल्याने "त्याला रागावेन" असं लिहिलं, तर अर्धा गुण कापला. मी मधेच उठून पाणी प्यायला गेलो तर मागून आवाज आला, "काय करूलालाव? वेळ लावलीय मी."

आणि प्रत्यक्षात आश्रमाच्या बाई आल्या, कुंपण बघितलं, चहा घेतला, आणि मला विचारलं ते नेमकं अभ्यासक्रमाबाहेरचं. "लहानपणी तुमच्याकडे कुत्रा होता का?"

होता म्हटलं. नाव काय? आता काय सांगायचं? आपल्याकडे तो मोत्या होता, समोरच्या काकूंकडे टिपू, आणि किराणावाल्याकडे नुसता "ए हाड्". झोपायचा कुठे? पावसाळ्यात आपल्या ओट्यावर, उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीखाली. खाऊ कोण घालायचं? ज्याच्या घरी भाकरी उरेल ते. मालक कोण? गल्ली. लस? बाई, तेव्हा आम्हालाच कोणी नीट दिली नव्हती. बाई बराच वेळ कागदावर लिहीत बसल्या. सूनबाई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पेपर कोरा देऊन उठलोय. पण पास झालो. जाताना बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा कुत्रा आख्ख्या गल्लीचा होता." मला त्यात काय विशेष ते कळलं नाही. इथल्या माणसांना त्याचं भारी अप्रूप. त्यांच्या रस्त्यावर कुत्रं दिसतच नाही. दिसलं तर ते हरवलेलं असतं, आणि त्याला शोधत कोणीतरी रडत फिरत असतं. आठ आठवड्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली चिप बसवायची सक्ती २०१६ पासून आहे. मालकाचं नाव-गाव त्या चिपच्या नंबरावरून लगेच निघतं.

पण म्हणून हे लोक जन्मजात पुण्यवान आहेत असं समजू नका. १८६० साली मेरी टिल्बी नावाच्या बाईंनी लंडनमध्ये बेवारस, उपाशी कुत्र्यांसाठी निवारा काढला, तेव्हा त्यांना भरपूर हसणारे होते. माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कशाला, हा प्रश्न आपल्याकडचे लोक आज विचारतात, तो इथे तेव्हाच विचारून झालाय. पुढे १८७१ ला तो निवारा बॅटरसी भागात गेला. आज राणी कॅमिलांची कुत्रीसुद्धा तिथून आणलेली असतात. पिल्लांचा धंदा करणाऱ्यांना चाप बसायला मात्र २०२० उजाडलं. ल्युसी नावाच्या एका कुत्रीला नुसती पिल्लं काढायला वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवलं होतं. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला, आणि सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने, दलालाने विकायचं इंग्लंडमध्ये बंद झालं.

आता खरी गंमत. एवढं सगळं करून आम्हाला जो विलायती कुत्रा मिळाला, तो बघून सूनबाई म्हणाली, "अगं बाई, हा तर आपल्या लातूरच्या गंजगोलाईतला!" तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला, शेपूट वळून पाठीवर. हा रोमानियाचा. तिथल्या रस्त्यावर जन्मला, गाडीत बसून आख्खा युरोप ओलांडून आला. त्याच्याकडे युरोपियन युनियनचा निळा पासपोर्ट आहे आणि व्हिसासाठी त्याने माझ्यासारख्या रांगा लावलेल्या नाहीत. देणगी म्हणून किती पौंड भरले ते रुपयांत सांगत नाही. अण्णांची बीपीची गोळी नुकतीच कमी झालीय.

रोमानियात इतकी कुत्री रस्त्यावर कशी आली ते मी वाचून काढलं. १९८० च्या दशकात चाउशेस्कूच्या राजवटीने बुखारेस्टमधली अंगणाची घरं पाडली आणि माणसं बहुमजली इमारतींत कोंबली. कुत्र्याला वरच्या मजल्यावर कोण नेणार? ती खाली राहिली आणि वाढत गेली. २०१३ मध्ये तिथे एका चार वर्षांच्या मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला, आणि चौदा दिवसांत कोणी न्यायला आलं नाही तर कुत्र्याला मारायची मुभा देणारा कायदा झाला. तेव्हापासून अशी कितीतरी कुत्री इकडे येतात.

हे मी वाचून दाखवत होतो तेव्हा सूनबाई गप्प झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी पोर होती. तिचं गाव नव्या जागी हललं, पण त्यांचा कुत्रा काही तिकडे यायला तयार नव्हता. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावरच बसायचा. तिचे आजोबा भाकरी फडक्यात बांधून रोज तिकडे जायचे. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हाची गोष्ट ही.

नाव 'वाघ्या' ठेवलं. खंडोबाचं म्हणून तुम्हीही नाही म्हणणार नाही. शेजारचे आजोबा त्याला 'वॅगी' म्हणतात आणि तो त्या नावालाही ओ देतो. आपल्या मोत्याचाच वंश.

खाण्याचे मात्र हाल आहेत, आमचे. कुत्र्याला चॉकलेट विष, मनुका विष. त्यामुळे इथल्या नाताळच्या फराळातलं निम्मं बाद. त्यात कांदा-लसूणही चालत नाही. आई, ज्या घरात फोडणीच कांदा-लसणाने सुरू होते तिथे कुत्र्याने खायचं काय? येळवशीच्या सणाला सूनबाईने अंगणात खोप उभी केली, भज्जी केली, अंबील केलं. कडाक्याच्या थंडीत आम्ही अंबील प्यायलो आणि शेजारच्यांना वाटलं की आम्ही कसली तरी शिक्षा भोगतोय. भज्जीत लसूण, म्हणून वाघ्याला नुसते बाजरीचे उंडे मिळाले. महागड्या पाकिटातल्या दाण्यांकडे तो ढुंकूनही बघत नाही, उंडे मात्र टोपलीतून चोरून खाल्ले. भाकरीवर मी थोडं तूप सोडायचो. नर्सीचे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते, मी तर बसल्या जागी वाढत होतो. पण इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं आणि वाटी बंद केली.

३१ च्या रात्री इथे फटाके उडतात. वाघ्याला आवाजाची फार भीती. पडदे ओढायचे, टीव्ही मोठा करायचा, त्याला लपायला कोपरा करून द्यायचा, असं सांगितलंय. त्याने आपला कोपरा निवडलाय, देवघराखालचा. मोबाइलवर कीर्तन लावलं की डोळे मिटतो. अण्णा, तुम्हीही असेच मिटता.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते. दादाचा फोन आला होता की पोराला नवीन वर्षाला हस्की घ्यायचं चाललंय. अण्णा, हस्की बर्फात गाडी ओढणारं कुत्रं. नांदेडचा मे महिना माणसालाच नकोसा होतो, ते बिचारं लोकरीचा कोट घालून कुठे जाणार? एसी लावाल, आणि लाइट गेली तर? वळिवाच्या पावसापर्यंत पोरांची हौस फिटते आणि मग कोणीतरी रात्री नदीकाठी नेऊन सोडून येतं. जातिवंतच पाहिजे असेल तर आपल्या मुलखात काय कमी आहे? माळेगावच्या जत्रेत घोडे, गाढवं, उंटांबरोबर कुत्रीही येतात, आणि चाकूर तालुक्यातलं जानवळ तर कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. पण ती शिकारी जात, तिला पळायला रान पाहिजे. आपल्या दोन खोल्यांत आणि ओट्यावर तिचं काय होणार?

सुप्रीम कोर्टाच्या बातम्या अण्णा मला पाठवत होतेच. ११ ऑगस्टला दिल्लीची सगळी कुत्री उचला म्हणाले, २२ ला नसबंदी आणि लस करून परत सोडा म्हणाले, नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं मोकळी करा म्हणाले. अण्णा कुत्र्यांच्या विरुद्ध आणि आई बाजूने, असं घरात खंडपीठ बसलं होतं म्हणे. माझं मत दोघांनाही पटणार नाही. चावणाऱ्या कुत्र्याची भीती खोटी नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही. पण जे कुत्रं कोणाच्या तरी दारात बांधलेलं, लस टोचलेलं आणि नसबंदी झालेलं आहे, त्याच्यासाठी कोर्टात जायची वेळच येत नाही.

तर, आई, तूच सांगत होतीस की ढवळी कुत्रीने टाकीमागे पिल्लं घातलीत. हस्कीचे पैसे दिले नसतील तर देऊ नका. त्या पिल्लांतलं एक, आईचं दूध सुटलं की, घरात घ्या. वाटलं तर अर्ज मी पाठवतो, सूनबाई तोंडी परीक्षा व्हिडिओवर घेईल. पुतण्याने अभ्यास करून बसावं. लातूरला तिच्या माहेरीही हेच कळवलंय. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांना सल्ल्याला लांब जायला नको. आणि एकदा घेतलं की मार्चमध्ये पोराची परीक्षा आली, उन्हाळ्यात गावाला जायचं निघालं, दिवाळीला घर रंगवायचं ठरलं, असल्या कुठल्याही कारणाने त्याला परत टाकीमागे सोडू नका.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा

ता. क. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची, आणि पुढे दर वर्षी. दादाने तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवावी.