हप्ता चुकला की फोन, कर्ज फिटलं की मौन

फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांस,

तुमचं नाव शाखेतल्या भिंतीवरच्या पाटीवर आहे. त्याखालचा फोन कुणी उचलत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे.

माझ्या दुचाकीचं कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता तुमच्या यंत्रणेने ठरल्या तारखेला बरोबर उचलला. पैसे घेताना तुमच्याकडून उशीर कधीच झाला नाही. त्यानंतर मी मागितली ती एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५. हे कागद आरटीओत दिल्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही, आणि बोजा असलेली गाडी कुणी विकत घेत नाही. कर्ज देताना तुमचा माणूस शोरूममध्येच टेबल टाकून बसला होता. आधार, पॅन, कोरे चेक आणि न वाचू दिलेल्या करारावरच्या सह्या त्याने चहा गार व्हायच्या आत गोळा केल्या. आता शाखा म्हणते, हेड ऑफिसला मेल करा. कॉल सेंटर म्हणतं, शाखेत जा. मेलला उत्तर येतं, ‘आपली विनंती नोंदवली आहे.’ कुणी नोंदवली, असं विचारलं तर तेच उत्तर पुन्हा येतं.

यावर कडी म्हणजे, तुमच्याच खातेउताऱ्यात बाकी शून्य असताना क्रेडिट रिपोर्टमध्ये तुम्ही मला थकबाकीदार ठरवलंत. मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत कर्ज मागायला गेलो तेव्हा हे कळलं. बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि शेजारी बसलेल्या मुलीने ती वाचली. बापाने कुणाचे पैसे बुडवले, असं तिला क्षणभर तरी वाटलं असेल. त्याची भरपाई तुमच्या कुठल्या रकान्यात बसते?

त्या नसलेल्या थकबाकीसाठी वसुलीचा फोन मात्र येतो, तोही रात्री साडेआठला. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलं आहे. माझा नंबर तुमच्याकडे आहे, माणसंही आहेत. ती फक्त घेण्याच्या बाजूला बसवली आहेत. याला मी गलथानपणा म्हणणार नाही. कुठे पगार द्यायचा आणि कुठे खुर्ची रिकामी ठेवायची, हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे.

नियम तुम्हाला पाठ असतील, पण हे पत्र वाचणाऱ्या कर्जदारांसाठी लिहितो. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत तारणाची मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदणीतला बोजा काढायचा, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये केला. कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. क्रेडिट रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. हे पैसे तुम्ही आपणहून द्यायचे आहेत. आणि कंपनीने ३० दिवस उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला वकील लागत नाही, फी पडत नाही. १४४४८ वर फोन केला तर माहिती मराठीतही मिळते. मात्र कंपनीकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा हवा. म्हणूनच शाखेत तोंडी बोलून परत येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

माझ्याकडे पोच आहे. तुमचे ते सगळे ‘नोंदवली आहे’वाले मेलही आहेत, प्रत्येकावर तारीख आहे. लोकपालाकडे तक्रार दाखल झाली आहे आणि ग्राहक आयोगाचा अर्ज लिहून तयार आहे. तुमच्या शाखेबाहेर रिक्षावाले, डिलिव्हरीची पोरं, भाजी विकणाऱ्या मावश्या हातात फाइल घेऊन उभ्या दिसतात. त्यांचा दिवसाचा धंदा बुडतो तेव्हा संध्याकाळची चूल अडते. त्यांच्यातल्या ज्यांनी विचारलं, त्यांना मी अर्जाचा नमुना दिला आहे.

मला एनओसी हवी, फॉर्म ३५ हवा, क्रेडिट रिपोर्टमधली नोंद दुरुस्त हवी आणि उशिराचे पैसे हवेत. मुलीच्या प्रवेशाची मुदत या महिनाअखेर संपते. त्याआधी सही करा.

तुमचा कर्ज फेडलेला ग्राहक