काना गेला हो, काकू!

“काकू, चार पानं कढीपत्ता देता का?”

कढीपत्ता हे निमित्त. शेजारच्या वहिनींनी कमरेएवढ्या भिंतीवर कोपरं टेकली की अर्धा तास तरी हलत नाहीत. मलाही कुठे घाई असते म्हणा.

“तोडून घ्या की. आणि काल रात्री तुमच्याकडे एवढा आरडाओरडा कसला होता?”

“आमच्या चिरंजीवांनी लॅपटॉपवर चहा सांडला. बरं, सगळा बंद पडला नाही. एकच बटण गेलं, के. हे म्हणाले, एका के-वाचून काय अडतंय? इंग्रजीत तो येतोच किती!”

“इंग्रजीत नसेल अडत. पण तो सरकारी नोकरीसाठीची सीपीसीटी परीक्षा देतोय ना? हिंदी टायपिंग कशावर घेतलंय, इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन?”

“रेमिंग्टन गेल. तुम्हीच म्हणालात ना, तेच घे.”

म्हणाले होते खरी. सरकारी नोकरीत सगळा जन्म रेमिंग्टनवर बोटं आपटली, दुसरं काय सांगणार?

“मग त्याचा के नाही, काना गेला! रेमिंग्टनमध्ये के-वर काना असतो. तो काय नुसता ‘आ’पुरता आहे? ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण, क्ष, सगळे आधी अर्धे उमटतात. काना मारावा तेव्हा पुरे होतात. एक बटण गेलं आणि अर्धी बाराखडी लंगडी झाली. इनस्क्रिप्टवर असता तर क आणि ख एवढेच गेले असते.”

“तरीच! ‘महाकाल’ मारलं तर ‘महकल’ येत होतं. ‘क्षिप्रा’चा तर क्ष पण पुरा होईना.”

“दुकानात नाही दाखवला?”

“फ्रीगंजात दाखवला एकाला. तो म्हणतो, एकटं बटण होत नाही. कीबोर्ड वरच्या पॅनेललाच रिव्हेट मारून बसवलाय, अख्खं पॅनेल बदला. किंमत ऐकून हे तिथेच खुर्चीवर बसले. मग आमच्या पोराच्या मित्राने जुगाड केलं. शार्पकीज म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्यात कॅप्स लॉकला के करून टाकला. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर काना हजर!”

“आणि शिफ्ट धरून ज्ञ येतो का?”

“तोही येतो. ते सॉफ्टवेअर म्हणे विंडोजच्या रजिस्ट्रीतच नोंद करून ठेवतं. हिंदी लावा, इंग्रजी लावा, विंडोजला वाटतं के-च दाबलाय. समोरच्या भाडेकरूंच्या लॅपटॉपचं तर उलटंच होतं. एस आपोआप दाबलं जायचं, पानंच्या पानं एस. त्यांचं बटण या मित्रानेच शार्पकीजमधून बंद करून दिलं.”

मित्र हुशार आहे, यात वाद नाही. पण मला राहवलं नाही.

“वहिनी, बिलं भरायला, चिठ्ठीचपाटी करायला हे ठीक. परीक्षेला नाही चालायचं. काना मारायचा उजव्या हाताच्या मधल्या बोटाने. तुमचा पोरगा तो आता डाव्या करंगळीने मारायला शिकतोय. सेंटरवरच्या कीबोर्डचा के धडधाकट असणार. हिंदीला मिळतात १५ मिनिटं. तिथे करंगळी धावेल कॅप्स लॉककडे, दिवा लागेल, काना काही यायचा नाही.”

“अरे देवा! मग?”

“मुलीने आणलेला यूएसबीचा कीबोर्ड माझ्याकडे पडून आहे, तो न्या. पण आधी ते शार्पकीजमधलं काढायला सांगा. ती अदलाबदल बाहेरच्या कीबोर्डलाही लागू होते. तिथेही कॅप्स लॉक के-च लिहील आणि करंगळीची खोड सुटणार नाही.”

“काढलं तर पुन्हा पासवर्डाचं रामायण! आधी त्याने मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज घातलं होतं. त्यातही बटणं बदलतात, पण आत शिरल्यावर. लॉगिनच्या स्क्रीनवर ते चालतच नाही, आणि पासवर्डात नेमका के!”

“मग शिरला कसा?”

“खाली कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, तिथून स्क्रीनवरचा कीबोर्ड काढला आणि माउसने एकेक अक्षर टिपलं.”

“यूएसबीवाला लावून ठेवा, के त्याच्यावरून मारता येईल. पण पासवर्डात के घालायची काय गरज होती?”

“उज्जैनात कोणाच्या पासवर्डात नसतो काकू? त्याचा तर ‘जयमहाकाल’ आणि पुढे जन्माचं साल...”

“अहो वहिनी, हळू!”

तेवढ्यात वरच्या गच्चीवरून आवाज आला, “आमचा पण तोच आहे हो!”