त्याला मध्ये बसवा

निफाडमध्ये इंग्रजीच्या क्लासचे सर ओळखायला सोपे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर आला की निफाडचं नाव बातम्यांत झळकतं, गाव कानटोपीत शिरतं आणि बागायतदार द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा गारठ्यात साडेसहाच्या बॅचला उघड्या कानांनी जाणारा माणूस दिसला, की ते सर. टोपी का नाही विचारलं तर म्हणतात, "कान झाकले की पोरांनी खाल्लेलं प्रिपोझिशन ऐकू येत नाही."

असे सर प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतात. खाली खतांचं दुकान, वर व्यायामशाळा आणि मधल्या माळ्यावर यांचा क्लास. 2000 साली सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हापासून यांना मरण नाही. टेबलावर कव्हर गेलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि तिच्याखाली रेन अँड मार्टिन.

निफाडचे सर मात्र इतर गावांच्या सरांपेक्षा कडक, आणि त्याचा दोष न्यायमूर्ती रानड्यांकडे जातो. रानडे 18 जानेवारी 1842 ला निफाडात जन्मले. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. 1862 साली बाहेर पडले, त्यांत ते होते. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं त्यांचं पुस्तक इंग्रजीत आहे. एवढ्या भांडवलावर सर वर्ष काढतात. "ज्या मातीत रानडे जन्मले, त्या मातीत तू 'ही टोल्ड टू मी' म्हणतोस?" रानड्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं आणि इंग्रजी मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये पक्कं झालं, हे सरांना सांगण्यात अर्थ नाही. मातीचा मुद्दा निघाला की ते फळ्याकडे वळतात.

फळ्यावर पहिल्या दिवशी मोटर असते. विहिरीवरची, पाच एचपी. 'स्विच ऑफ द मोटर' बरोबर. 'स्विच द मोटर ऑफ' हेही बरोबर. आता मोटरच्या जागी 'इट' घाला. 'स्विच इट ऑफ' बरोबर, 'स्विच ऑफ इट' चूक. का? इथे सर खुर्ची उलटी करून तिच्यावर बसतात आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करतात. "ट्रिपल सीट! पुढे क्रियापद, मागे 'ऑफ'. मोटर म्हणजे धडधाकट पाहुणा, मध्ये बसेल नाहीतर मागे लटकेल. 'इट' म्हणजे बारकं पोर. ते मागे बसवलं तर चांदोरीच्या गतिरोधकावर पडेल. त्याला मध्ये बसवा!" सर्वनामाची जागा मध्ये, हे निफाडच्या पोरांना झोपेतही पाठ असतं.

गंमत दुसऱ्या दिवशी होते. "समज, चांदोरीला हायवे सोडायचाय. 'टर्न ऑफ द हायवे.' आता हायवेऐवजी 'इट' घाल."

"टर्न इट ऑफ."

"शाब्बास. हायवे बंद केलास. सगळी वाहतूक पिंपळगावमार्गे वळव आता. 'टर्न ऑफ इट' म्हणायचं!"

"पण सर, पोर मागं बसलं की."

"तिथे पोर क्रियापदाचं नाही. 'ऑफ'चं आहे."

मागच्या बाकावर खसखस पिकते. सरांना ती कळत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. मोटरवाला 'ऑफ' क्रियापदाला चिकटलेला, हायवेवाला 'ऑफ' हायवेला. हा फरक इतक्या कमी शब्दांत समजावणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

क्लास सुटल्यावर सर सुटत नाहीत. लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाचे काका कौतुकानं "अवर बॉय इज मॅरीड विथ इंजिनियर" म्हणाले, तर सर जिलेबी हातात धरून "मॅरीड टू" म्हणतात आणि मगच खातात. कोणी "ही इज अँग्री ऑन मी" म्हटलं, की "म्हणजे तुमच्या अंगावर बसून रागावलाय का?" "डिस्कस अबाउट" ऐकलं तर बोलतच नाहीत, नुसता हात वर करतात, वाहतूक पोलिसासारखा. "सर, एक्स्प्लेन मी" म्हणणाऱ्या पोराला तर फार जुनं उत्तर ठरलेलं आहे: "तुझं स्पष्टीकरण तुझ्या बापाला देता आलं नाही, मी काय देऊ? एक्स्प्लेन इट टू मी म्हण."

यात पोरांची चूक काय? मराठीत 'मला', 'माझ्यावर', 'तिच्याशी' म्हणताना सगळी सोय शब्दाच्या शेपटीला असते. तीच शेपटी तोडून आम्ही इंग्रजी शब्दाच्या पुढे लावतो. 'माझ्यावर'चं 'ऑन मी', 'तिच्याशी'चं 'विथ हर'. हिशेब चोख आहे, फक्त दुकान दुसरं आहे.

सरांचा खरा वैरी मात्र वेगळाच आहे: 'करणे'. निफाडला इंग्रजी क्रियापदांची कमी नाही. थिनिंग करतात, डिपिंग करतात, पॅकिंग करतात, व्यापाऱ्याला ब्लॉक करतात. मोटर तर कोणी बंद करतच नाही, 'ती ऑफ कर' म्हणतात. 'ती' आपली मराठीतच पुढे बसते आणि ट्रिपल सीटचा प्रश्नच उरत नाही. सर मोठ्या कष्टानं 'इट'ला मध्ये बसवायला शिकवतात आणि घरोघरी 'करणे' त्याला गाडीवरून उतरवूनच ठेवतं. सरांच्या पत्नीसुद्धा आतून हाक मारतात, "अहो, गॅस ऑफ करा." सर जातात आणि ऑफ करतात. तिथे दुरुस्ती नाही.

2010 साली क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाचे अंश सापडले म्हणून भारतातल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. तालुक्यातल्या निर्यातदार बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसांत एक नाना चहाच्या टपरीवर कपाळाला हात लावून बसलेले. "सर, रॉटरडॅमला कंटेनर होल्ड अप झाला."

"दे हेल्ड इट अप," सर हळूच म्हणाले. हळूच, कारण प्रसंगाचं भान त्यांनाही होतं.

नानांनी वर पाहिलं. "सर, तो 'अप' तुम्ही मधी ठेवा नाहीतर शेवटी ठेवा. माल तर तिथंच हाय ना?"

सरांनी नानांच्या चहाचे पैसे दिले. ते कोणाच्या चहाचे पैसे देत नाहीत, म्हणून ही गोष्ट गावानं लक्षात ठेवली.

आता त्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. सर गोऱ्या माणसाशी कधी बोललेत का, याबद्दल गावात दोन मतं आहेत. पण बँकेच्या नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या पेपरात चुका शोधायच्या प्रश्नात 'डिस्कस अबाउट' हटकून येतं, आणि यांचा विद्यार्थी ते वाचायच्या आत हात वर करतो. शहरातल्या चकचकीत क्लासात 'कॉन्फिडन्स' शिकवतात. पोरगं चुकीचं वाक्य न अडखळता बोलायला शिकतं. सरांचं पोरगं अडखळतं, पण अडखळतं ते योग्य जागी. मला विचाराल तर पैसे सरांकडे भरावेत.

क्लासच्या दारावरच्या पाटीवर 'आजच जॉईन करा' असं लिहिलंय. सर म्हणतात ते पेंटरनं स्वतःच्या मनानं लिहिलं. पाटीला अकरा वर्षं झाली.

नवी बॅच मेमध्ये, खरड छाटणी आटोपली की सुरू होते. फी दोन हप्त्यांत चालते. फोन केलात तर इंग्रजी झाडू नका, नाहीतर पहिला तास तिथेच होईल आणि तो हिशेबात धरला जाईल. क्लासला यायचंय, एवढं मराठीत सांगा.