भुईकाट्यावरचे घर

ब्रिटनमध्ये मोटरहोम, म्हणजे शेगडी, बिछाना आणि शौचालय यांसह धावणारे घर, घेऊन स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याकडे निघणाऱ्या प्रवाशांचा पहिला मुक्काम कोणत्याही पर्यटनपुस्तिकेत छापलेला नसतो. तो एखाद्या भंगारवाड्यात, खडीच्या खाणीत किंवा धान्याच्या वखारीत पडतो, कारण सार्वजनिक भुईकाटा, म्हणजे अख्खे वाहन तोलणारा वजनकाटा, बहुधा अशाच ठिकाणी असतो. इन्व्हर्नेसहून निघून पुन्हा इन्व्हर्नेसला येणारी ५१६ मैलांची ‘नॉर्थ कोस्ट ५००’ ही वाट समुद्र, डोंगर आणि मेंढ्या दाखवते. भुईकाटा प्रवाशाला फक्त त्याचेच सामान दाखवतो, आणि विस्मय बहुधा तेथेच अधिक वाटतो.

या खटाटोपाच्या मुळाशी ३,५०० हा आकडा आहे, कारण साध्या मोटारीच्या परवान्यावर सामानासह सहसा एवढ्याच किलोंच्या कमाल वजनाचे वाहन चालवता येते. १ जानेवारी १९९७ पूर्वी चाचणी उत्तीर्ण झालेल्यांना ७,५०० किलोंपर्यंतची मुभा आपसूक मिळाली. मात्र सत्तरीनंतर ती टिकवायची तर वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, आणि म्हणून एखादे मोटरहोम मालकाच्या उमेदीच्या काळात कागदोपत्री वजनदार होते व त्याच्या उतारवयात कागदोपत्रीच सडपातळ होते. गाडी तीच, चाके तीच. बदलतो तो कमाल वजने कोरलेला पत्रा.

उत्पादकाच्या माहितीपत्रकात गाडीचे चालू स्थितीतील वजन दिलेले असते, ज्यात ७५ किलोंचा चालक आणि जवळजवळ भरलेली इंधनटाकी गृहीत धरलेली असते. हा ७५ किलोंचा चालक युरोपीय नियमांचे अपत्य असून प्रत्यक्ष रस्त्यावर तो क्वचितच दृष्टीस पडतो. समजा, ३,५०० मधून हे वजन वजा जाता ४०० किलो उरले, तर त्यांत सहप्रवासी, कपडे, भांडी, सायकली, दारावरचे गुंडाळते छत आणि दुसरी बॅटरी एवढे सारे बसवायचे असते. शिवाय पाणी लिटरला किलो या हिशेबाने चढते, त्यामुळे १०० लिटरची टाकी भरणारा गृहस्थ खरे तर एक धष्टपुष्ट, अबोल पाहुणा बरोबर घेत असतो. पतीच्या मते दोष बिडाच्या तव्याचा असतो, पत्नीच्या मते हत्यारांच्या पेटीचा, आणि दोघांच्याही मते कुत्र्याचा मुळीच नसतो.

काट्यावर पुढेमागे खडीचे अजस्र ट्रक आणि मधोमध खिडकीला फुलाफुलांचे पडदे लावलेले घर, असा देखावा उभा राहतो. काट्यावर बसणाऱ्या माणसाकडे १९८५ च्या वजनमाप कायद्यानुसार सक्षमतेचे प्रमाणपत्र असावे लागते. सांत्वन करण्याचे बंधन मात्र त्या कायद्याने त्याच्यावर घातलेले नाही. ४४ टनी ट्रकांसाठी घडवलेल्या काट्याचा आकडा बहुधा २० किलोंच्या टप्प्यांनी सरकत असल्यामुळे, ३,५२० दिसताच किटली बाहेर काढून पुन्हा आशेने काटेवाल्याच्या खिडकीकडे पाहणे व्यर्थ ठरते. उसाच्या हंगामात महाराष्ट्रातील शेतकऱ्याला काटामारीची, म्हणजे वजन कमी दाखवले जाण्याची, धास्ती असते. येथे मात्र तेवढी कृपा व्हावी अशीच काट्यावर चढणाऱ्याची मनोमन इच्छा असते.

एकूण वजन मर्यादेत आले तरी सुटका होत नाही, कारण पुढच्या आणि मागच्या आसाची, ज्याला गॅरेजमध्ये ॲक्सल म्हणतात त्याची, मर्यादा स्वतंत्र असते आणि त्यासाठी एका वेळी एकाच आसाची चाके काट्यावर ठेवून पुन्हा तोलावे लागते. येथे तरफेचा नियम आपला खोडकरपणा दाखवतो. दोन आसांतील अंतर ४ मीटर असेल आणि मागच्या आसाच्या २ मीटर मागे ५० किलोंच्या सायकली टांगल्या, तर मागच्या आसावर ५० नव्हे, ७५ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे २५ कमी होतात. म्हणजे व्यायामासाठी घेतलेल्या सायकली न चालवताच गाडीच्या पुढच्या भागाचे वजन उतरवतात व मागच्याचे वाढवतात.

यावर उपाय म्हणून टाकीतील पाणी सोडले जाते, डबाबंद घेवड्याची रास माघारी जाते आणि पुस्तकांवर वाद होतो. हे टाळणाऱ्याला तपासणीत अडवले गेल्यास, मर्यादा १० टक्क्यांच्या आत ओलांडली असेल तर १०० पौंड, १५ टक्क्यांपर्यंत २०० आणि त्यापुढे ३०० पौंड असा दंड भरावा लागतो. फारच अतिरेक झाला तर प्रकरण न्यायालयात जाते. काटा करण्याचे शुल्क त्यामानाने किरकोळ असते, आणि मिळणाऱ्या काटापावतीवर दिनांक आणि वेळ छापलेली असते. त्यानंतर वाटेत घेतलेले सामान त्या पावतीत धरलेले नसते.