उणे अठराचा बहाद्दर

फिनलंडमधल्या औलू शहरात नोकियाच्या नोकरीनिमित्त गेलेला पुणेकर पहिला हिवाळा मुकाट्याने बसमधून काढतो. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या अंगात येतं. तो सायकलला खिळ्यांचे टायर बसवतो, आणि तिथून पुढे त्याच्याशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलण्याची सोय राहत नाही.

आपण सहज विचारावं, "काय रे, कसं काय?" तर उत्तर येतं, "आज उणे अठरा!" तब्येत, बायकोची नोकरी, मुलाची शाळा, सगळं त्या आकड्यात आलं. मग टायर. खिळे साधेसुधे नाहीत, टंग्स्टन कार्बाइडचे. हवा जरा कमीच ठेवायची, म्हणजे जास्त खिळे बर्फाला भिडतात. हे सांगताना त्याचा आवाज खाली येतो, घराण्याची खास चीज शिकवताना बुवांचा येतो तसा.

पुढे अनुभवाचे बोल. गोठलेल्या कुलपात फुंकर मारायची नाही. वाफेचा पुन्हा बर्फच होतो. मागच्या चाकातलं ग्रीस गारठून घट्ट झालं की आतले खटके अडकत नाहीत. पेडल गरागरा फिरतं, सायकल जागच्या जागी. घरून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊब वाटली तर वाटेत घाम, आणि घामानंतर हुडहुडी. आणि खरा वैरी उणे वीस नव्हेच, शून्य अंश! तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे पंधरात बर्फ कसा कोरडा, करकरीत! यातलं एक अक्षर खोटं नसतं. ऐकणाऱ्याची पंचाईत तीच. वाद घालायलाही जागा नाही.

ऑफिसच्या दाराशी पोचल्यावर तो लगेच आत जात नाही. मिशीवर आणि पापण्यांवर पुरेसा बर्फ जमलाय का, ते मोबाइलमध्ये बघतो. कमी वाटला तर मफलर नाकावर ओढून चार जोरदार श्वास सोडतो. मग फोटो, मग शाळेचा ग्रुप. पुण्यात तेव्हा चौदा अंश असतात आणि अख्खा ग्रुप माकडटोपीत असतो. "सलाम भावा" वगैरे येतं. आई मात्र फोटो मोठा करून बघते आणि विचारते, "कानात कापूस घातलायस ना?"

त्याचं खरं दुःख वेगळं आहे. औलूत त्याला कुणी विचारत नाही. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 साली भरली ती याच गावात. इथं सायकलचे शेकडो किलोमीटर रस्ते, त्यांवरचा बर्फ सरकवायला यंत्रं, वर खडी. पोरं शाळेत सायकलने जातात. डिसेंबरात सूर्य जेमतेम साडेतीन तास हजेरी लावतो, म्हणून हा दोन दिवे, चमकत्या पट्ट्या, हेल्मेट, गॉगल आणि कपड्यांचे तीन थर अशा थाटात अंधारात निघतो. तोच मागून घंटी वाजते आणि सत्तरीच्या एक आजी, पुढच्या टोपलीत दुधाचे डबे ठेवून, बिनगिअरच्या सायकलवरून शांतपणे पुढे जातात. आजींच्या टायरला खिळेही नसतात. हा फोटो मात्र ग्रुपवर येत नाही.

एकदा त्यानं सहकाऱ्याला सांगून पाहिलं, की मी रोज सायकलने येतो. सहकारी "मीपण" म्हणाला आणि कॉफी ओतायला गेला.

डिसेंबरच्या सुटीत तो पुण्याला येतो. सकाळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गॅलरीत उभा राहतो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं "ही काय थंडी!" म्हणतो. आतून आई सांगते, "कोथरूडला मावशीकडे डबा देऊन ये. बाबांची सायकल आहे खाली, हवा भरलेली आहे."

तो वाकून रस्त्याकडे बघतो. उलट्या दिशेनं एक टेम्पो येत असतो.

"सायकल? इथं? आई, मला काय जीव नकोसा झालाय?" असं म्हणून तो स्कूटरची किल्ली शोधायला लागतो.